बुरशी बघायला पुण्याच्या मॅडम

आधी चहाचा घोट गिळून घ्या, न्हायतर हसताना ठसका लागंल. एवढा मोठा गाढवपणा मी जन्मात केला नव्हता!

आमचा फ्लॅट कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. पोरीच्या खोलीत कपाटामागं काळीकुट्ट बुरशी धरलेली. आणि आमची सई, सहा वर्षांची, खोकून खोकून बेजार. झोपली की छाती नुसती घरघरायची. नवल बघा, आजोळी आजऱ्याला नेली की खोकला गायब, घरी आणली की परत सुरू! डॉक्टर म्हणाले, "बुरशीचे कण श्वासातनं छातीत जातात. आधी त्या भिंतीचं बघा, औषधाचं नंतर."

भिंतीच्या बरोबर वर चौगुले काकांचं बाथरूम. गेलो भांडायला. काका ऐकत्यात व्हय?

"माझंच पाणी कशावरनं? तपासणीवाला आण! त्यानं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी फरशी फोडतो. न्हायतर परत माझ्या दारात यायचं न्हाय!"

मग काय, जिंकलोच की मी! घरातली ओल-बुरशी तपासणाऱ्या पुण्याच्या एका मॅडमना फोन लावला.

"रविवारी येते," त्या म्हणाल्या. "घर आहे तसंच असू द्या. मी येणार म्हणून मुद्दाम काही करू नका हं."

आता मला सांगा, कुठला पावणा म्हणतो, माझ्यासाठी करा म्हणून? सगळेच म्हणत्यात, काही करू नका! म्हणून आपण गप बसतो व्हय? पुण्यासनं बाई येणार आणि तिला असली भिंत दाखवायची? कोल्हापूरची अब्रू हाय का न्हाय?

बायको सईला आणायला आजऱ्याला गेलती. मी एकट्यानं कंबर कसली. ब्लीचिंग पावडर टाकून भिंत घासली, खरवडली, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. वरची घाण गेली म्हणून काय झालं, मशीनला आतलं दिसतंय की, असा माझा हिशेब! सकाळी घरभर ऊद फिरवला. भिंत अशी झाली की पुढं नवरदेव उभा करावा.

मॅडम आल्या. तोंडाला मास्क, हातात यंत्र. चौगुले काका हाताची घडी घालून दारात उभे. तेवढ्यात बायकोबी सईला घेऊन पोचली. मॅडमनी यंत्र भिंतीला टेकवलं. आता काका हारणार आणि माझी पोर सुटणार!

"ओल आहे."

"बघा काका!" मी ओरडलोच.

मॅडमनी भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं.

"पण ही रंगाचीही असू शकते. कधी रंगवलीत?"

"काल!" मी छाती फुगवली. "खास तुमच्यासाठी!"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, मी नमुना कशाचा घेऊ? बुरशी तुम्ही खरवडून टाकलीत. हवेत नुसता धूर. फोनवर सांगितलं होतं ना मी?"

"तसं सगळेच पावणं म्हणत्यात की, मॅडम..."

"ह्या पावण्या हायत व्हय, ओ?" बायको कडाडली.

"संपला ईषय!" काका जिना चढत म्हणाले. "भिंत झ्याक हाय. आता दारात यायचं न्हाय!"

आणि त्या धुरानं सईला उबळ आली. थांबंनाच. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. बायकोनं तिला उचलून बाहेर पळवली. मी तिथंच उभा. खरं सांगतो, लई भ्यालो तवा.

पोर शांत झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "पाणी वरून येत असेल तर बुरशी परत धरेल. धरली की हात न लावता मला कळवा. तपासणी होईपर्यंत मुलीला इथं ठेवू नका."

त्याच दिवशी मायलेकी परत आजऱ्याला.

तवापासनं मी रोज बॅटरी घेऊन भिंतीपुढं. लोकं पावसाची वाट बघत्यात, मी बुरशीची! काल सईचा फोन आला.

"पप्पा, बुरशी आली काय? मला घरी यायचंय."

"अजून न्हाय गं बाळा," मी कपाटामागं डोकं घालून म्हटलं, "पण कोपऱ्यात जरा काळं दिसाय लागलंय."

"खरंच?" पोरगी आनंदानं किंचाळली. मग एकदम आवाज बारीक केला. "पप्पा, मग तू आता त्या खोलीतनं बाहेर जा."