आबांची पाभर

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, धड चालणारी वस्तू बघवत नसे. घड्याळ असो, सायकल असो, शेजाऱ्यांचा स्टोव्ह असो, आबा आधी ते उघडणार, मग चहा मागणार. उघडलेलं पुन्हा जोडायचं असतं हे त्यांना चहानंतर आठवायचं आणि तोवर एखादा स्क्रू हमखास केरात गेलेला असायचा.

आज माझ्या कारखान्यात पेरणीयंत्रं बनतात. दाणा न् दाणा मोजणारा संगणक त्यांत बसवलेला असतो. बघायला येणारे विचारतात, हे सुचलं कुठून? मी आबांचं नाव सांगते आणि मनातल्या मनात त्यांच्यावर पुन्हा एकदा चिडते.

सत्तर सालानंतरची ती कोरडी वर्षं. पारनेरकडच्या आमच्या गावात ज्वारीची पेरणी म्हणजे पुढे बैल, मागे पाभर आणि पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, बाईची मूठ. आबांना ही मूठच नको होती. चाकाबरोबर फिरून आपोआप बी सोडणारी पाभर त्यांनी करायला घेतली होती. माझ्या माहेरच्या शिलाई मशीनमधलं दातेरी चाकसुद्धा त्यात गेलं. "दे गं, चार दिसांत लावून देतो," म्हणाले होते. ते चाक मला पुन्हा दिसलं ते पाभरीलाच.

एका साली कसाबसा पाऊस झाला. रानातली ओल फार टिकणारी नव्हती. सगळा गाव पेरायला लागला आणि आमचे बैल नुसते उभे. दोन ओळी टाकून आबांची पाभर अडली होती आणि आबा तिच्याखाली आडवे. "थांबा जरा, यवढा एक दाता बघतो." असं करता करता दुसरा दिवस उजाडला. शेवटी सासूबाई कडाडल्या, माझ्या नवऱ्याने जुनी पाभर जुंपली आणि मी मूठ धरली. तरी निम्मं रान वाळून पडीक राहिलंच. ती ज्वारी आम्हाला वर्षभर पुरली नाही.

आणि हे गृहस्थ माझ्या शेजारून चालत माझी बोटं बघत होते. "सूनबाई, करंगळी ढिली सोडती व्हय तू? मंग अंगठा काय करतो?" राग गिळून मी सांगत गेले. मला असलं काही तोवर कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं.

उगवण झाल्यावर वेगळाच ताप. आबांच्या त्या दोन ओळींत कुठे झुपका, कुठे टक्कल. आबा रोज सकाळी तिथेच उकिडवे बसलेले.

"ह्यान्ला उगवल्यालं दिसत न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "न उगवल्यालंच दिसतं."

माझ्या कारखान्यातली पोरं माझ्याबद्दल हेच म्हणतात म्हणे.

हे खूळ कशापायी, तेही सासूबाईंनीच सांगितलं. "धाकट्याच्या येळंला दिवस भरल्याले, तरी चाड्यावर मीच. पार कोसळले वावरात. तवापास्नं ह्ये." आबांनी स्वतः हे कधी सांगितलं नाही.

पुढच्या पेरणीला मला सातवा महिना होता. पाभर अर्थातच अर्धवट. सासूबाई तापाने फणफणलेल्या. "तू बांधावर बस," आबा म्हणाले आणि स्वतः मूठ धरली. बाप्याने मूठ धरलेली बघून गाव हसलं. कुठे दाण्यांचा ढीग, कुठे ओळ कोरडी. मी बांधावर बसून दातओठ खात होते आणि त्याच वेळी त्या माणसाची मला फार माया येत होती.

त्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि आबा गेले. सगळं अर्ध्यावर टाकून गेले याचा मला एवढा राग आला, की मुलगी रांगायला लागल्यावर मीच ती पाभर उघडली. माझी मूठ मला ठाऊक होती. ती लाकडाला शिकवण्यात आणखी एक पेरणी वाया गेली.

त्यानंतरच्या साली मात्र पाभर न अडता चालली. दाणे सारखे पडत होते. सासूबाई तरीही सवयीने चाड्यावर रिकामी मूठ धरून मागून चालत होत्या. बांधाशी पोचल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. मूठ सोडून त्या मटकन खाली बसल्या.

"आता थांबायला काय झालं हुतं ह्यान्ला?" म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.