खरं कारण सांगायला लावणाऱ्या शैलावहिनी

फोन मुकुंददादांचा होता. "शैला गेली गं... सकाळीच. हार्ट अटॅक," एवढंच बोलले. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. येणारेजाणारे जर्मन सहकारी बघत होते, बघू देत. लाजेपायी काही दडपायचं नाही, हे मला ज्यांनी शिकवलं त्याच गेल्या होत्या.

शैलावहिनी नात्याने माझ्या कुणी नव्हत्या. मी मानहाइमला पीएचडी करत होते, त्या ऱ्हाइन नदीपलीकडे लुडविग्सहाफेनला राहायच्या. त्यांचे यजमान मुकुंददादा तिथल्या केमिकल कंपनीत इंजिनिअर. वहिनींची कोल्हापूरची होम सायन्सची पदवी जर्मनीत कागदावरच राहिली होती, आणि त्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायच्या. त्यांच्याकडे गणपतीला आम्ही विद्यार्थी जमलो होतो. सगळे आरतीला उभे राहिले, मी मात्र बाहेर बुटांच्या कपाटाला टेकून बसले. वहिनी आल्या. मी नेहमीचं सांगितलं, "पोट बिघडलंय." त्या म्हणाल्या, "पोट बिघडलेलं मी रोज शंभर पोरांत बघते. हे ते नव्हे."

मग सगळं बाहेर आलं. दर महिन्याला पाळीचे दोन दिवस मी लॅबमध्ये उभी राहू शकत नव्हते. पण प्रोफेसर पुरुष, लॅबमधले सगळे पुरुष. त्यामुळे सगळ्यांना पोटाचंच कारण. प्रोफेसरांनी काळजीपोटी डॉक्टर गाठून दिले. त्यांनाही मी तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी घशातून नळी घालून माझं पोट तपासलं. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ! आणि आता प्रोफेसर म्हणत होते की तब्येत अशीच राहिली तर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणं कठीण आहे. नळीचं ऐकून वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग भयंकर चिडल्या. "एवढी नळी गिळलीस, आणि एक शब्द तोंडातून निघेना?"

दुसऱ्याच आठवड्यात त्या मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. "आधी तपासणी. नंतर माझे लाडू," असा त्यांचा क्रम होता. गंभीर काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी माझा दिवसच ताब्यात घेतला. मी सकाळी कॉफीवर निघायचे आणि सोमवार, चतुर्थी धरून उपास करायचे. "उपाशीपोटी कळा सोसण्यात कसलं गं पुण्य?" म्हणत त्यांनी उपास बंद करवले. दूध घालून नाचणीची पेज, तुर्की दुकानातला पालक, तीळ, खजूर, अळिवाचे लाडू. कॉफी एकच, तीही खाल्ल्यावर. संध्याकाळी नदीकाठाने अर्धा तास चालायचं, पाऊस असो की बर्फ. झोप वेळेवर. पोट शेकायचं, आणि तरीही कळा आल्याच तर डॉक्टरांनी दिलेली गोळी मुकाट्याने घ्यायची. मी कुरकुरायचे, रविवारी चालायला टाळाटाळ करायचे, तर बाई ट्राम पकडून माझ्या दारात! त्या जिद्दीपुढे माझा आळस टिकणं शक्यच नव्हतं. तीन-चार महिने गेले. दुखणं पळून गेलं असं नाही, पण आवाक्यात आलं. दोन दिवसांचा अर्धा दिवस झाला.

"आता त्या प्रोफेसरला खरं सांग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, बरं वाटतंय ना आता, मग कशाला?" "उद्या पुन्हा दुखलं तर पुन्हा नळी गिळशील?" मी सांगितलं. कान तापले होते, जर्मन व्याकरणाची पार वाट लागली. "असं होय... हे आधी का नाही सांगितलं?" प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी माझी मशीनवरची पाळी पुढच्या आठवड्यात ढकलून दिली. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मी आज जी काही आहे ती त्यामुळे आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

वहिनींना जाऊन सहा आठवडे झाले. परवा दादांचा फोन आला. या माणसासमोर आमचा हा पाळीचा विषय निघाला की ते पेपर घेऊन बाल्कनीत जात. वहिनी इतकी वर्षं पोरींना बोलतं करत राहिल्या, पण घरातल्या या एका माणसापुढे त्यांनी हात टेकले होते. दादा आधी हवेबद्दल बोलले, मग इन्शुरन्सच्या कागदांबद्दल.

"तन्वीला," ते म्हणाले. तन्वी त्यांची चौदा वर्षांची मुलगी. "तन्वीला पाळीत फार त्रास होतो गं. काल शाळेतून मधेच घरी आली. डॉक्टरांची वेळ घेतली आहे मी, सोमवारची. पण खायला काय करू? शैला तुला काय काय द्यायची, तू सांग. मी लिहून घेतो."

मी सांगत गेले, आणि पलीकडे ते एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहीत राहिले.