थांबा नसलेल्या ठिकाणी चहा

‘सांडशीचे दांडे कापू का? वजन कमी होईल.’ आत्याचा मेसेज आला तेव्हा मी यवतमाळला हॉस्टेलवर होते. ‘काप’ असं उत्तर पाठवलं. थोड्या वेळानं बाबांचा फोन आला. दुपारी जरा पडते म्हणून आत्या आडवी झाली, ती उठलीच नाही...

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तो हट्टही कमलआत्याचाच. ती एसटीत कंडक्टर होती. मारेगाव, वणी, नागपूर हे रस्ते तिनं उभ्यानं पार केले. निवृत्त झाल्यावर म्हणाली, “पोरी, विजयादशमीले दीक्षाभूमीवर पायी जाऊ. जन्मभर लोकायले उतरवलं, आता मले उतरायचं हाये.” अट एकच, चहा आपला आपण करायचा. आयुष्यभर थांब्यावरचा चहा प्यायलेल्या आत्याला आता मन होईल तिथं चहा हवा होता, थांबा नसला तरी!

मग आमचा शोध सुरू झाला. गॅसचा स्टोव्ह तळहातावर मावेल एवढा, पण त्याचा डबा वाटेत संपला तर नवा कुठून आणायचा? स्पिरिटची शेगडी हलकी, पण वाऱ्यात विझणारी. टायटेनियमचं भांडं दाखवलं तर म्हणाली, “चहा करून राह्यलो का विमान?” शेवटी घडी होणारी पत्र्याची चूल घेतली, काड्यांवर चालणारी. जळण वाहायलाच नको! “आपल्याकडं पऱ्हाटी काय कमी हाये?” कापूस वेचून झाल्यावर वावरात उरतात ती वाळकी झाडं. उन्हाळ्यात अंगणात चूल पेटवली, तर अशी भराभर उकळी आली की आम्ही दोघी नाचलो. अॅल्युमिनियमचा छोटा गंज, म्हणजे पातेलं, त्यावर झाकणाला ताटली, जेवायलाही तीच. सगळं किराणा दुकानाच्या काट्यावर चढवून पाहिलं. चहा उकळला की आत्या ताटलीवर चमचा एकदा वाजवायची, म्हणजे थांबा. पिऊन झाला की दोनदा, म्हणजे चला. एसटीची घंटी!

पावसाळ्यात एकदा हिरवीगार पऱ्हाटी पाहून मी चाचरत म्हटलं, “आत्या, दसऱ्याला तर कापूस असाच उभा असेल. वाळकी पऱ्हाटी कुठली?” ती हसत हसत रस्त्याच्या कडेला बसलीच. “बाप्पा! कापसात वाढलो अन् हेच ध्यानात नाही!”

ती गेल्यावर बाबा म्हणाले, “आता ते चालणं राहू दे. एकटीनं कायले जायचं?” मी आत्याची चालण्यासाठी भरलेली पिशवी पुढं ओढली. उघडली तर सांडशीचे दांडे आधीच कापलेले! माझ्या उत्तरासाठी ती थांबलीच नव्हती. आणि बिस्किटांच्या डब्यात गेल्या हंगामातली पऱ्हाटी, बोटाएवढे तुकडे करून गच्च भरलेली.

“निदान तिचा चहा तरी करू,” असं म्हणत गेल्या रविवारी बाबांना वणीच्या रस्त्यावर नेलं. दोन थांब्यांच्या मधे, बाभळीखाली चूल मांडली. वारा ओला होता, तरी पेटली! आखूड सांडशीनं माझी बोटं पोळली. “वजन वाचवून राह्यली होती तुही आत्या,” बाबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. एक एसटी आमच्याजवळ येऊन हळू झाली. बाबांनीच हात हलवून तिला पुढं जाऊ दिलं.

चहा उकळला, मी एकदा वाजवलं. पिऊन झाला, तरी चमचा हातात धरून बसून राहिले... पुढचं वाजवायचा धीर होईना.

बाबांनी माझ्या हातातला चमचा घेतला आणि ताटलीवर दोनदा वाजवला.