अंगठ्याचा जोर

सांधे शेकायच्या गरम मेणाचा वास आला की मला लातूरचं ते फिजिओथेरपी सेंटर आठवतं. मी तिथं नवीन लागले होते आणि आमच्या मॅडम पेशंटच्या पाठी दाबून दाबून दोन्ही अंगठे घालवून बसल्या होत्या. सांधे सुजलेले, चहाचा कपही नीट धरता यायचा नाही. म्हणून त्या कोपरानं दाबायच्या. कॉलेजात आम्हालाही तसंच शिकवलेलं, पण आमच्याकडं अंगठा रुतून माणूस कळवळला नाही तर उपचार झाला असं कुणाला वाटतच नाही. एका दुपारी औशाचे एक आडत व्यापारी पालथे पडूनच म्हणाले, “म्याडम, कोपरानं काय करायलात? अंगठा लावा की. जोर सरला का तुमचा?” बाकीचे पेशंट हसले. मॅडमनी अंगठा लावला आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते मला दिसलं, तरी कोपरच बरोबर आहे असं न सांगता मी पुढं होऊन म्हणाले, “काका, मी देते ना जोर.” मॅडमना बाजूला सारून मी दोन्ही अंगठे रुतवले. “हां! ह्या पोरीच्या हाताला गुण हाय,” काका कण्हत म्हणाले. मॅडम एवढंच बोलल्या, “दाब बाई, दाब. तुझ्याकडं बी दोनच हायत.” महिन्याभरात त्यांचे सगळे पेशंट मी घेतले आणि त्या यायच्या थांबल्या. आज मीच माझे सुजलेले अंगठे मेणात बुडवून बसले आहे. पडद्यापलीकडं आमच्याकडं नवीन लागलेली मुलगी माझ्या पेशंटला अंगठ्यानं दाबते आहे. कोपर लाव, एवढं तिला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.