इराचा चॉकलेटी

‘इराला रंग कळत नाहीत’ असं आमच्या सेंटर हेडनी फॉर्मवर लिहून टाकलं होतं. म्हणून इराचे आई-बाबा माझ्या वर्गात, ज्युनिअर केजीच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन बसले होते. कोथरूडच्या या प्री-स्कूलमध्ये मी अकरा वर्षं शिकवतेय. पूर्वी याला बालवाडी म्हणायचे. मुलं तेव्हाही तेवढंच शिकायची.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं का?" बाबांनी विचारलं. बिचारे हिंजवडीहून हाफ डे टाकून आले होते.

"दाखवा. पण सीनियरला पाठवता येणार नाही," सेंटर हेड म्हणाल्या. "ॲसेसमेंट क्लिअर नाही ना."

ॲसेसमेंट म्हणजे काय, तर हेड ऑफिसची कार्डं दाखवून प्रश्न विचारायचे आणि फॉर्मवर टिक करायची. लाल आणि निळा मिळून काय? कार्डामागे उत्तर छापलेलं होतं, जांभळा. इरा म्हणाली, चॉकलेटी. तीनदा विचारलं, तीनदा चॉकलेटी.

माझं डोकंच फिरलं. माझ्या वर्गातली मुलं दर शुक्रवारी कोपरापर्यंत रंगात असतात. या बाईंनी वर्षभरात एक बाटली उघडलेली नाही, आणि ह्या ठरवणार कोणाला रंग कळतात.

"मॅडम, तुम्हीच कालवून दाखवा," मी लाल-निळ्या रंगांची ताटली पुढे केली.

"अहो, माझा कुर्ता..."

"मुलांचे ॲप्रन आहेत की."

आई-बाबा बघत होते, त्यामुळे सुटका नव्हती. मॅडमनी एका बोटानं लाल आणि निळा कालवला. चॉकलेटी झाला. आणखी निळा घातला. गडद चॉकलेटी झाला.

गोष्ट साधी आहे. शाळेनं मागवलेला लाल शेंदरीकडे झुकणारा, म्हणजे त्यात पिवळ्याची छटा आधीच आहे. लाल, पिवळा, निळा असे तिघे जमले की चॉकलेटीच होणार. जांभळ्याला गुलाबीकडे झुकणारा लाल लागतो. इरानं जे बघितलं तेच सांगितलं.

बाबा हसले. आई हसली नाही. "मग फॉर्मचं काय?"

"उद्या परत विचारू," मॅडम बोट पुसत म्हणाल्या. "पण उत्तर कार्डाप्रमाणेच हवं. सिस्टिममध्ये चॉकलेटीचा ऑप्शन नाहीये."

घरी पाठांतर झालं असणार. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कार्ड धरलं. इरानं कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टीचर, खरं सांगू की कार्डातलं?"

"कार्डातलं," मॅडमच म्हणाल्या.

"जांभळा."

टिक लागली. इरा सीनियरला गेली. फॉर्मवर शेरा आहे, ‘रंगांची समज सुधारली.’ खाली क्लास टीचर म्हणून माझी सही आहे, आणि त्या सहीची मला अजून लाज वाटते.

आता रंगाची नवीन बाटली आली की आधी मॅडमना बोट बुडवायला लावते. कार्डं त्यानंतर वर्गात येतात.