कॅन्टनच्या होडीवरची पेज

पूर्णगडचा भागोजी आगबोटीवर कोळसे टाकायच्या कामाला होता. १९२८ साली चीनच्या कॅन्टन बंदरात तो तापाने आडवा झाला आणि बोट त्याला किनाऱ्यावर ठेवून निघून गेली. नदीकाठच्या एका खोलीत तो पडून होता. भाषा येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं.

त्या नदीवर होड्यांतच जन्म काढणारी माणसं राहत. त्यांतली एक प्रौढ बाई होडीतून पेज विकायची. तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवायची, वाडग्यात कच्च्या माशाचे पातळ काप ठेवायची आणि वरून कढत पेज ओतायची. मासा तिथल्या तिथे शिजे. वर भुईमुगाचे दाणे नि सुंगटं, म्हणजे बारकी कोळंबी. भागोजीला ती रोज वाडगा आणून देऊ लागली. ताप उतरल्यावर अंगात ताकद यावी म्हणून तिने पेजेत काळजाचे तुकडे घातले. ‘कशाचं?’ असं त्याने हाताने विचारलं, तेव्हा तिने नाक वर दाबून डुकरासारखा आवाज काढला. आजारात पहिल्यांदाच भागोजी हसला. आणि त्याने ते खाल्लं.

दुसऱ्या बोटीवर काम धरून, वर्ष उलटल्यावर तो घरी आला. संध्याकाळी पुळणीवर जाळी विणताना माणसं त्याला घेरून बसत. शांघायला उकडीच्या मोदकासारखं काहीतरी मिळतं, पण आत कढत रस असतो, एकदम चावलं की जीभ भाजते. तिथल्याच स्वाटो बंदरात पेजेतला दाणा अख्खा ठेवतात नि खारवलेल्या मुळ्याबरोबर खातात. असं तो रंगवून सांगे. बोटीवर जाणारे लोक कुठल्या बंदरात काय खावं ते त्याला विचारून घेत. अशाच एका संध्याकाळी त्याने काळजाची गोष्टही सांगितली. सगळे पोट धरून हसले.

त्याच्या मुलीचं, मैनेचं लग्न खाडीपलीकडच्या आवडाबाईच्या मुलाशी ठरलं होतं. गोष्ट खाडी ओलांडून तिकडे पोचली. आवडाबाईने निरोप धाडला, “डुक्कर खाल्लेल्याच्या घरची मुलगी कशी करायची? आधी पंचांसमोर उलगडा करा.”

देवळात बैठक भरली. घरून निघताना बायको गुणवंती म्हणाली होती, “अवो, दाजी सांगतील तसं बोला. पोरीचं बघा.”

समाजाचे वडीलधारे दाजी त्याच्या बाजूचेच होते. त्यांनी वाट काढून ठेवली होती. “भागोजी, तुला ताप होता. शुद्धीवर नव्हतास. काय पोटात गेलं ठाऊक नाही. एवढं बोल, समुद्रात बुडी मार, देवाला नारळ ठेव. विषय संपला.”

भागोजीने होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आवडाबाईचा भाऊ बोलला, “यानं काय करावं? त्या घाणेरड्या बाईनं फसवून चारलं असेल.”

“फसवलान नाही,” भागोजी म्हणाला. “मी विचारलं, तिनं सांगितलान. मी शुद्धीत होतो.”

“अरे, गप बस,” दाजी हळूच म्हणाले.

“ती घाणेरडी नव्हती, दाजी. तिनं मला जगवलान.”

आवडाबाईचा भाऊ उठला आणि चपला घालून चालू लागला.

घरी गुणवंतीने सगळं ऐकून घेतलं. “त्या बाईची अब्रू राखलीत,” ती म्हणाली. “लेकीची कोण राखणार?”

त्याच आठवड्यात भागोजीने मुंडण केलं, समुद्रात बुडी मारली, नारळ ठेवला. दाजी स्वतः पुन्हा खाडीपलीकडे जाऊन आले. पण आवडाबाईने दुसरी मुलगी पाहिली होती.

पुळणीवर बसणं त्याने सोडलं. एकदा मासळी खारवताना मैनेनेच विचारलं, “बाबा, ती बाय म्हातारी होती?”

“तुझ्या आयशीपेक्षा थोडी मोठी.”

“मग तिच्या बाजूने बोललात ते बरं केलंत,” ती म्हणाली. पण बोलताना तिने वर पाहिलं नाही, आणि ती खरं बोलली की बापाचं मन राखलं, हे भागोजीला कधीच कळलं नाही.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, मुंबईच्या गोदीतल्या एका बिजवराशी. त्याला आधीची दोन मुलं होती. नवरा वाईट नव्हता. मैना पुढे बाळंतपणाला माहेरी आली, बापाशी हसून-बोलून राहिली. पूर्वी समोर बसून वाढणारी गुणवंती मात्र भागोजीचं ताट वाढून ठेवायची आणि तो जेवून उठेपर्यंत मागल्या दारी जाऊन बसायची.