वरती माशी हाय

महाडात राहणाऱ्या माणसाला याद्या करायची सवय लागतेच. नदीचं पाणी पेठेत शिरलं की आधी कागदपत्रं वर न्यायची की सिलिंडर, याचा विचार करत बसायला वेळ नसतो. माझी ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. त्यामुळे मे महिन्यात शिवथरच्या बाजूला नदीकाठी एक रात्र तंबूत राहायचं, असं धाकट्या बहिणीने जाहीर केलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. वही काढली.

नाही म्हणायला हवं होतं, असं घरातल्या बाकी सगळ्यांचं मत. आदल्या वर्षी तिला मागच्या दारी कपडे वाळत घालताना गांधीलमाशी चावली होती. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढता चढता ती माझ्या अंगावर कोसळली. वाचली. पुढच्या वेळी, मग ती गांधीलमाशी असो की मधमाशी, एवढा वेळही मिळेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला दिलं आणि ते मांडीत कसं द्यायचं हे मला शिकवलं. मी घरी मोसंब्यांवर हात बसवला.

तेव्हापासून वर्षभर ती दारं-खिडक्या लावून बसली होती. कपडे घरात वाळत घालायची. अंगणातल्या तुळशीला पाणीसुद्धा मी घालत होते. म्हणून ती स्वतःहून बाहेर पडते म्हणाली, तेव्हा ते मोडायचा धीर मला झाला नाही.

यादी दोन पानी झाली. अंगभर, फिक्या रंगाचे कपडे. अत्तर, पावडर, गजरा बंद. डासांसाठी मलम. सांजेला धूर करायला कडुलिंबाचा पाला आणि जुनं घमेलं. बूट घालण्याआधी झटकणे. तंबूची चेन कायम बंद. माश्यांसाठी ताटावर ठेवायच्या जाळीच्या टोप्या, दोन. गोड फळं नाहीत.

"आंबेपण नाहीत?" तिने विचारलं.

"गांधीलमाश्या येतात."

"मे महिन्यात आंब्याशिवाय सहल. ताई, तू मला तुरुंगातून काढून दुसऱ्या तुरुंगात नेते आहेस."

इंजेक्शनचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मी कमरेच्या पिशवीत ठेवला. तिथून महाडचा दवाखाना गाडीने पाऊण तासावर. तेही वहीत लिहिलं.

जागा ओळखीतून मिळाली होती. नदीला लागून असलेला शेताचा तुकडा. मालकीणबाई सत्तरीच्या, त्यांचं घर आणि गोठा चढावर थोडं वरच्या अंगाला. आम्ही दुपारी चारला पोचलो. काठावरच्या एका मोठ्या झाडाची सावली बघून मी तंबूची जागा ठरवली आणि तपासणीला लागले. साचलेलं पाणी नाही. वारूळ नाही. बुंध्यावर मुंगळे नाहीत. गवत काठीने झोडून पाहिलं. चारही गोष्टींपुढे बरोबरची खूण केली आणि तंबू उभा केला.

तेवढ्यात मालकीणबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून गेल्या. थांबल्या, तंबूकडे पाहिलं.

"बाय, हितंच ऱ्हाताय?"

"हो मावशी. चालेल ना?"

"चालंल. पन वरती माशी हाय हां. जपून."

"हो हो, आम्ही झाकण्या आणल्यात."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चढावर निघून गेल्या. वरती गोठा होता, गोठ्यावर माश्या असणारच, असं माझं सरळ गणित होतं. मी जाळीच्या टोप्या काढून तंबूत डब्यांवर ठेवल्या आणि वहीत माश्यांपुढेही खूण केली.

बहीण पाण्यात पाय सोडून बसली. वर्षभरात तिला इतकी शांत मी पाहिली नव्हती. मी मात्र दर पाच मिनिटांनी तिच्या मानेकडे, हातांकडे बघत होते. एक चतुर तिच्या गुडघ्यावर बसला तर माझा हात पिशवीवर गेला.

"चतुर आहे गं," ती म्हणाली. "तो चावत नाही. तूच चावशील."

साडेसहाला डास आले. कानाशी गुणगुण सुरू झाली, तसं मी यादीप्रमाणे घमेलं झाडाखाली ठेवलं, वाळक्या काटक्या पेटवल्या आणि वर ओला कडुलिंबाचा पाला घातला. पांढरा, दाट धूर निघाला. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला. डास खरंच हटले. मला समाधान वाटलं, हे कबूल करते.

चढावरून हाक आली. "बाय गो! इझव ते! वरती माशी हाय बोलले ना!"

मालकीणबाई जवळजवळ धावत उतरत होत्या. मला अजूनही कळलं नव्हतं. त्यांचं बोट गोठ्याकडे नव्हतं. आभाळाकडे होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

वरच्या जाड फांदीखाली सुपाएवढं काळं काहीतरी लोंबत होतं. दुपारी नजर गेली असती तरी मला ती सालच वाटली असती. आता त्याच्यावरून लाटा सरकत होत्या आणि त्यातून एक आवाज येत होता, दूर कुठेतरी गिरणी सुरू झाल्यासारखा.

"तंबूत जा," मी बहिणीला म्हटलं. ती आधीच आत शिरत होती. चेन लागल्याचा आवाज आला.

मालकीणबाईंनी पदर डोक्यातोंडावर ओढला, पदराच्या टोकाने घमेलं धरलं आणि तसंच फरफटत नदीत नेऊन उपडं केलं. धूर चरचरून विझला. "खाली बस," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "हात हालवू नको. अजाबात." मी तंबूला टेकून बसले. डोक्यावरून माश्या भिरभिरत होत्या. एक माझ्या चष्म्यावर आपटून गेली. डोळे न मिटता मी बसून राहिले.

मग तंबूच्या आतून बहिणीचा आवाज आला. अगदी हळू.

"ताई. एक माझ्याबरोबर आत आली आहे."

"कुठे आहे?"

"बाहीवर."

मी डबा उघडला. चेन उघडावी तर बाहेरच्या आत जाणार. न उघडावी तर ती आत एकटी, आणि तिला काही झालं तर माझा हात तिच्यापर्यंत पोचायला तेवढाच उशीर. या प्रसंगासाठी वहीत ओळ नव्हती. मी चेनीचं टोक धरून ठेवलं.

"तिला बोल हालू नको," मालकीणबाई म्हणाल्या. "माशी उजेडाकडं जाते. आपसूक जाईल."

तंबूच्या दाराशेजारच्या, पश्चिमेकडच्या जाळीतून अजून थोडा तांबूस उजेड आत जात होता. आतून काहीच ऐकू येईना. मी तिच्या श्वासाचा कानोसा घेत होते, घोगरा होतोय का, तुटतोय का.

"मनगटाकडे चालली आहे," ती म्हणाली. मी मनात आकडे मोजू लागले. मग: "उडाली."

"कुठे?"

"खिडकीच्या जाळीवर. ताई, गप्प बस आता."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. भांड्यावरचं झाकण उचलावं तसा. पुढे अगदी हलकी टक्.

"झाकली," ती म्हणाली. "तुझ्या टोपीखाली. धरून ठेवली आहे."

तिने ती डब्यावरची जाळीची टोपी माशीवर ठेवून खिडकीशी दाबून धरली होती. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसलो, ती आत, मी बाहेर, आमच्यात ते कापड. वरचा आवाज हळूहळू बसला. मालकीणबाईंनी मान हलवल्यावर मी चेन हातभर उघडली, आत हात घालून टोपी धरली आणि बहीण त्या फटीतून सरपटत बाहेर आली. मग मी हात काढून चेन लावली. तंबू आणि माशी, दोन्ही तिथेच राहिलं.

मालकीणबाईंच्या ओटीवर दिव्याच्या उजेडात मी आधी बहिणीचे हात, मान, पाय तपासले. एकही नांगी नाही. मालकीणबाईंच्या हाताला मात्र तीन होत्या. मी नखाने खरवडून काढल्या, त्या हूं की चूं न करता बसून होत्या.

"मावशी, तुम्ही मोहोळ आहे असं का नाही म्हणालात?"

"माशी हाय बोलले की."

"आम्ही घरात असते तिला माशी म्हणतो."

"आमीपन तिला माशीच बोलतो."

"मग कळायचं कसं?"

"वरती बोलले ना," त्या म्हणाल्या आणि त्याच सुजलेल्या हाताने छताकडे बोट दाखवलं. "घरातली माशी कशाला झाडावर लोंबंल?"

बहीण हसायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा, खांबाला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी तिचा आवाज ऐकत होते. घोगरा नव्हता. तरीही डबा मी हातातून सोडला नाही.

"तुमी दोगी आत झोपा," मालकीणबाई म्हणाल्या. "ह्या खोलीला दार हाय, लावून घ्या."

"दार राहू दे उघडं," बहीण म्हणाली.